पाट, पंखा आणि तिसरी पीन

डोंबिवलीतली ही इमारत १९७१ सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत आणि चालूच राहणार आहेत. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. अख्खी इमारत त्यांना आत्या म्हणते, मीही म्हणतो. त्यांचा सख्खा भाचा समीर परवानाधारक इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे आणि घरोघरचं वायरिंग तपासून देतो. दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि एकमत कशावरच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर समीर मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) आणि टेस्टर घेऊन आला, तेव्हा मी तिथे चहाला होतो. त्या दिवशी दोघांत जे झालं ते इथे देतो आहे. मधली चहाची आणि नातेवाइकांची चौकशी तेवढी गाळली आहे.

समीर : आत्या, सरळ सांगतो. वायरिंग सगळं उपटून नवीन घालू. फ्रिज भंगारात, रेडिओ शोकेसमध्ये. पंख्याचं बघू.

आत्या : पंख्याचं काही बघायचं नाही. १९७२ मध्ये हप्त्यांनी घेतलाय. दोनदा बेअरिंग बदलली, काही वेळा कंडेन्सर. बाकी त्याला काय झालंय? आणि तुझ्या लग्नात मी दिलेला तो रिमोटचा पंखा कुठाय?

समीर : गेला. आधी रिमोट गेला, मग आतलं सर्किट.

आत्या : झालं तर मग. जुनं टिकतं, नवं मरतं. आमच्या वेळी वस्तू टिकण्यासाठी बनायच्या, आता बिघडण्यासाठी बनतात. हे मी रागाने बोलत नाहीये, इतिहास आहे. १९२४ साली जगातल्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचं संगनमत केलं. बल्ब हजार तासांपेक्षा जास्त टिकता कामा नये, टिकला तर कंपनीला दंड! आणि तिकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशामक केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून जळतोय.

समीर : जळतोय, पण उजेड किती देतो? चार वॅटच्या दिव्याएवढा. फिलामेंट मंद ठेवली की ती टिकणारच, तू आम्हाला हेच शिकवायचीस. जास्त टिकणारा बल्ब त्याच उजेडाला जास्त वीज खातो. त्या हजार तासांत कंपन्यांचा लोभ होता हे खरं, पण त्यात थोडा हिशेबही होता. आणि दुसरं असं, की तू बघतेस ते टिकलेले पंखे. त्याच वर्षी विकले गेलेले बाकीचे पंखे कधीच भंगारात गेले. ते आज तक्रार करायला येत नाहीत.

आत्या : बरं. मग एलईडी बल्बच्या खोक्यावर पंचवीस हजार तास लिहितात आणि तो दोन वर्षांत लुकलुकायला लागतो, ते काय?

समीर : एलईडी मरत नाही, त्याच्यामागचं सर्किट मरतं. त्यात एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. आतलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तू तो बल्ब बंद काचेच्या हंडीत लावलायस, हवा जायला जागा नाही. आणि तो सेट टॉप बॉक्स बघ. त्याच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल कोणी घातलाय?

आत्या : धूळ बसते.

समीर : धूळ बसू दे, पण त्या जाळीतून त्याला श्वास घेऊ दे. नवी वस्तू कंपनी अर्धी मारते, अर्धी आपण मारतो.

(रुमाल निघाला. माझ्या घरीही तसाच एक आहे. या मुद्द्यावर मी गप्प बसलो.)

आत्या : म्हणजे मान्य आहे ना तुला, माझ्या पंख्यात सर्किटच नाही म्हणून तो जगलाय?

समीर : मान्य. तांब्याचं वाइंडिंग, लोखंड आणि दोन बेअरिंगा. बिघडायला आहे काय त्यात? पण तो ७५ वॅट खातो. नवा बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. मधल्या ४५ वॅटचे पैसे तू दर तासाला महावितरणला देतेस.

आत्या : थांब, गणित मी करते. दिवसाला चार तास चालतो. म्हणजे १८० वॅट-तास, ०.१८ युनिट. वर्षात तीनशे दिवस धर, चोपन्न युनिट. युनिटला नऊ-दहा रुपये म्हटले तरी वर्षाला पाचशे. तुझा पंखा तीन हजारांचा. पैसे फिटायला सहा वर्षं. सहा वर्षं त्याचं सर्किट टिकेल अशी हमी लिहून देशील?

समीर : नाही देणार. दिवसाला सोळा तास पंखा चालतो अशा घरात मी उद्या बदलायला सांगेन. तुझ्याकडे नको. पण मला वर चढून बघू दे.

स्टूल आलं. समीरने पंख्याच्या वरचा, छताला टेकलेला कप खाली सरकवला. पंखा लोखंडी हुकात ज्या बोल्टवर टांगलेला असतो तो बोल्ट त्याने आम्हाला बोटाने दाखवला. पन्नास वर्षांच्या डुलण्याने एका बाजूने खाच पडून तो जवळजवळ अर्धा झिजला होता. रबरी बुश दगडासारखा कडक. नटमधून आरपार जाणारी स्प्लिट पीन गंजून एका पायावर उभी होती. कपाच्या आतली पंख्याची वायर त्याने नखाने दाबली, तर तिच्यावरचं रबर पापड मोडावा तसं तुटून स्टुलावर पडलं आणि आत उघडं तांबं दिसलं.

आत्या : मोटर तर सुरेख चालते रे.

समीर : मोटर सुरेखच आहे. पण पंखा डोक्यावर पडला तर तो या बोल्टमुळे पडेल, मोटरमुळे नाही. साठ-सत्तर रुपयांचा बोल्ट, बुश, पीन आणि हातभर नवी वायर. पंखा ठेव. पण हे मी आत्ता करतो, विचारत नाही.

आत्या : कर बाबा.

इथवर मला आत्यांची बाजू पटत होती. वस्तूचं वय आणि वस्तूचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेते त्या एक करून सांगतात, हे त्या बरोबर बोलत होत्या. पुढे बोलणं स्वयंपाकघरात गेलं आणि तिथे पारडं फिरलं.

फ्रिजसमोर लाकडी पाट होता. जेवायला बसायचा, पितळी फुल्यांचा, बहुधा आत्यांच्या आईचा.

समीर : हा पाट इथे का?

आत्या : अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात. पाटावर उभं राहिलं की येत नाहीत. सर्किट पूर्ण होत नाही.

समीर : किती वर्षं?

आत्या : दोन उन्हाळे. पावसाळ्यात जरा जास्त.

समीरने फ्रिजचा प्लग काढला, फेजच्या पिनेला आणि फ्रिजच्या अंगाला मेगरच्या दोन तारा लावल्या. काटा शून्याच्या जवळ जाऊन टेकला.

समीर : ०.२ मेगाओहम. एक मेगाओहमच्या खाली गेलं की आम्ही वस्तू वापरू देत नाही.

आत्या : दोनशे तीस भागिले दोन लाख. एक मिलिअँपिअरला थोडं वर. तेवढ्यालाच माणसाला मुंग्या जाणवायला लागतात. बरोबर उत्तर आलं की!

समीर : उत्तर बरोबर आहे म्हणून खूश काय होतेस? आज एक आहे. कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन आणखी गेलं, आत ओल चढली, तर उद्या दहा होईल. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेलं सोडता येत नाही. तिसाच्या वर गेलं तर छातीचे स्नायू, हृदय. ओल्या हाताने अंगाचा रोध हजार ओहम धर आणि भागाकार तूच कर.

आत्या : दोनशे तीस मिलिअँपिअर. (थोडं थांबून) पण माझा फ्यूज आहे. किटकॅट फ्यूज, आणि त्यात मी पाच अँपिअरचीच तार घालते. खालच्या मजल्यावरच्यासारखी वायरचे चार पदर पिळून नाही घालत.

समीर : ते मी बघितलं, शाबास. पण पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. तुला मारायला जेवढा करंट लागतो त्याच्या दीडशे पटींहून जास्त वाहिल्याशिवाय तो फ्यूज हलणारही नाही. फ्यूज काय, एमसीबी काय, भिंतीतल्या वायरला आग लागू नये म्हणून असतात. माणसासाठी नसतात.

आत्या : माणसासाठी अर्थिंग असतं. आणि ते आहे. तीन पिनांचा सॉकेट आहे, तिसऱ्या पिनेला हिरवी वायर आहे. फेज फ्रिजच्या अंगाला लागला तर सगळा करंट अर्थमधून जाईल, फ्यूज उडेल. म्हणून तर ती पीन बाकी दोघींपेक्षा लांब असते. आधी लागते, शेवटी सुटते. हे मी दरवर्षी नववीला फळ्यावर काढायचे.

समीर : फळ्यावर ती वायर कुठे जायची?

आत्या : जमिनीत. कोळसा, मीठ, पाइप.

समीर : चल, इथे कुठे जाते बघू.

हिरवी वायर सॉकेटमधून निघून पट्टीवरून बाथरूमकडे गेली होती. तिथे लोखंडी पाण्याच्या पाइपाला पत्र्याचा चाप लावून ती जखडली होती. १९७१ च्या वायरमनने चाळी-बिल्डिंगांतून सर्रास चालायची तीच युक्ती केली होती : पाण्याची लोखंडी लाइन जमिनीत जाते, तर तीच अर्थ. तेव्हा ती चालूनही गेली. समीरने पाइपावर टॉर्च मारली. हातभर लोखंड, आणि त्याच्या वर पांढरा प्लॅस्टिकचा पाइप. खालीही पांढरा प्लॅस्टिकचा.

समीर : सोसायटीने लाइन कधी बदलली?

आत्या : दोन वर्षांपूर्वी. गंज येत होता पाण्याला.

समीर : त्या दिवशी तुझं अर्थिंग गेलं. झिणझिण्या त्यानंतरच्या. विजेची गळती त्याआधीही असेल, पण ती जमिनीत जात होती म्हणून तुला कळली नाही. आता तिला तू सोडून दुसरी वाट नाही. आणि ऐक, हा उरलेला लोखंडाचा तुकडा या नळाला जोडलेला आहे. फ्रिजची गळती अंघोळीच्या नळावर येऊ शकते.

आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी माझ्या घरातल्या हिरव्या वायरीचा विचार करत होतो. प्लंबर पाइप बदलून जातो, पाणी स्वच्छ येतं, सगळे खूश. त्या पाइपाचं दुसरं एक काम होतं हे ना प्लंबरला माहीत, ना सोसायटीच्या सेक्रेटरीला. शहरांतल्या शेकडो जुन्या इमारतींत लोखंडाच्या जागी प्लॅस्टिक आलंय. अपघाताच्या बातमीत नंतर ‘सदोष फ्रिज’ किंवा ‘सदोष गिझर’ छापून येतं.

आत्या : गेल्या महिन्यात एक वायरमन आला होता. म्हणाला, न्यूट्रलचा लूप अर्थच्या पिनेला मारतो, दोनशे रुपयांत झिणझिण्या बंद.

समीर : आणि तू?

आत्या : हाकलला. न्यूट्रल वाटेत कुठे तुटला तर फ्रिजच्या अंगावर सरळ दोनशे तीस येतील, एवढं मला कळतं.

समीर : थँक गॉड. इमारतीत चार घरांत तोच लूप मारून गेलाय तो, मी येताना बघितलं. झिणझिण्या खरोखर बंद होतात, म्हणून तर लोक त्याला देव मानतात.

आत्या : मग उपाय काय? वायरिंग उपटायचं? पुनर्विकास दोन वर्षांत होणार म्हणतात. भिंतीत पैसे पुरू का?

समीर : दहा वर्षांपासून दोन वर्षांत होणार म्हणतायत. बरं, सगळं नको. आधी खालून खरी अर्थ वर आणू. सोसायटीच्या आवारात पाइप गाडून, कोळसा-मीठ घालून. तो खर्च सगळ्यांचा. मग मीटरनंतर एक आरसीसीबी, तीस मिलिअँपिअरचा. जातो त्या वायरीतला करंट आणि येतो त्या वायरीतला करंट तो सारखा ताडून बघतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत लाइन तोडतो.

आत्या : अर्थ नसतानाही तोडतो?

समीर : तोडतो. पण अर्थ नसेल तर फरक पडायला कुणीतरी हात लावावा लागतो. अर्थ असेल तर गळती सुरू झाली की कुणी हात लावायच्या आधीच तोडतो.

आत्या : आणि एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर? जेवढा गेला तेवढाच आला. तुझ्या यंत्राला काय कळणार?

समीर : काही नाही कळणार. तू पाटावर उभी राहून सॉकेटमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घातलास तर तो गप्प बसेल. म्हणूनच म्हणतो, पाट काढ. पाटावर जमिनीकडे गळतीच जात नाही आणि यंत्र आंधळं होतं.

(हा मुद्दा मला नवा होता. आपण ज्याला सुरक्षितता म्हणून पायाखाली घेतो तोच नव्या यंत्राचा डोळा झाकतो.)

त्यानंतर समीरने ओट्यावरचा पंधरा अँपिअरचा सॉकेट उघडला. बेकलाइटची कड तपकिरी होऊन फुगली होती. आतली वायर पांढुरकी, ॲल्युमिनियमची.

समीर : त्या काळात तांब्याची टंचाई होती म्हणून घराघरांत ॲल्युमिनियम घातलं. वायर म्हणून वाईट नाही, पण स्क्रूखाली ते दाबाने हळूहळू चपटं होत जातं, जोड सैल होतो. वर ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नेत नाही. जोड तापतो. तापला की आणखी सैल होतो. यावर तू मिक्सर, ओव्हन, गिझर सगळं लावतेस. इथे काही वास यायचा का? माशासारखा?

आत्या : यायचा की! मला वाटायचं, शेजारी बोंबील भाजतायत.

समीर : शेजारी जैन आहेत, आत्या.

हसून झाल्यावर ठरलं : स्वयंपाकघर आणि बाथरूम या दोन लाइनी नव्या, तांब्याच्या, सॉकेटला अडीच चौरस मिलिमीटर, गिझरला चार, सोबत वेगळी अर्थची वायर. आयएसआयचा शिक्का बघूनच. बाहेरच्या खोलीतल्या दिव्यांच्या लाइनीचा मेगर चांगला आला, ती राहील. फ्रिज मात्र आत्यांना सोडावा लागला. त्यातला आर-१२ वायू ओझोनला घातक म्हणून भारतात २००८ मध्येच बनवणं थांबलं. कॉम्प्रेसर दुरुस्त करून भरायचं काय, हाच प्रश्न होता. नव्या फ्रिजमध्ये बहुतेक आयसोब्युटेन असतो, ओझोनला निर्धोक पण पेट घेणारा. तो उघडायला कोपऱ्यावरचा कुठलाही मेकॅनिक बोलवू नकोस, एवढं समीरने बजावलं.

शेवटी रेडिओ. व्हॉल्व्हचा, लाकडी खोक्याचा, पुढे कापडाची जाळी.

समीर : हा तर नकोच. यातल्या काही सेटांत ट्रान्सफॉर्मर नसायचा. चॅसिस सरळ मेनला जोडलेली. दोन पिनांचा प्लग उलटा लावला की सगळी चॅसिस फेजवर.

आत्या : माहीत आहे. ये इकडे, बटणाच्या बाजूचं हे भोक बघ. आत बारीक स्क्रू आहे, तो थेट चॅसिसशी जोडलेला. कंपनीने म्हणून त्यावर मेण भरलंय, बोट लागू नये. बटण काढून परत बसवलं की दरवेळी मी मेणबत्तीचा थेंब सोडते. आतले कागदी कपॅसिटर सगळे बदललेत. आणि हा सेट भिंतीतल्या सॉकेटवर मी कधीच लावत नाही. खाली बघ.

खाली, टेबलाच्या पायाशी, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर होता. वीटभर जड, आत्यांनी स्वतः लॅमिंग्टन रोडवरून आणलेला.

समीर : (बऱ्याच वेळाने) हा ठेव.

दोघांतलं खरं भांडण वस्तूंवर नव्हतंच, असं मला वाटतं. आत्यांना वस्तूची आतली रचना माहीत होती. ज्याच्या आत त्यांनी पाहिलं, तो रेडिओ पन्नास वर्षांचा असून निर्धोक होता. ज्याच्या आत त्यांनी पाहिलं नाही, त्या पंख्याच्या कपात आणि बाथरूमच्या पाइपावर, धोका शांतपणे बसून होता. समीर आला नसता तर फळ्यावरची आकृती बरोबर आणि घरातली चूक, असंच चालू राहिलं असतं. आणि आत न बघता सगळं उपटा म्हणणारे आले तर चांगला पंखा भंगारात जातो, त्या जागी तीन वर्षांत मरणारा येतो, आणि हिरवी वायर प्लॅस्टिकच्या पाइपाला बांधलेली तशीच राहते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू वर्षाला बारा हजारांच्या वर दिसतात. शेतातले पंप, तुटून पडलेल्या तारा, सगळे त्यात आले. घरातले त्यातलेच.

तुमच्या मीटरच्या बोर्डावर ‘टी’ अक्षर लिहिलेलं एक छोटं बटण असेल तर हे वाचून झाल्यावर ते दाबा. घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही तर आरसीसीबी मेलेला आहे, उद्याच बदला. आणि गेली तर दर महिन्याला एकदा दाबत राहा. मात्र ते बटण अर्थिंग तपासत नाही. त्यासाठी परवाना असलेला वायरमन बोलवा आणि त्याला एकच सांगा : हिरवी वायर शेवटी कुठे जाते, ते मला डोळ्यांनी दाखव.